अनोळखी कंपनीची एअर रायफल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

परदेशी नावाजलेली रायफल परवडत नाही किंवा मिळतच नाही, म्हणून भारतातल्या एखाद्या लहान कारखान्याची एअर रायफल घेणारे आता पुष्कळ आहेत. त्यांच्याकडून आणि त्यांच्या घरच्यांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची ही उत्तरं. माझं मत सुरुवातीलाच सांगते. रायफल निवडताना सुटे भाग आणि दुरुस्ती पहिली, नळी दुसरी आणि कंपनीचं नाव तिसरं. बहुतेक लोक हा क्रम उलटा लावतात आणि दोन वर्षांनी रायफल माळ्यावर जाते.

इथे कोणत्या रायफलींबद्दल बोलतोय?

४.५ मिलिमीटरच्या एअर रायफलींबद्दल, म्हणजे आपल्याकडे जिला सरसकट छऱ्याची बंदूक म्हणतात तिच्याबद्दल. दारूच्या, काडतुसाच्या रायफलींचा परवाना, साठवण, वापर हे सगळं वेगळं प्रकरण आहे. ते इथे घेतलेलं नाही.

कंपनी कोणी ऐकलेली नाही, म्हणजे रायफल खराब का?

नाही. छर्रा कुठे लागणार हे मुख्यतः नळी, नळी आणि बॉडीचा सांधा, चाप आणि छर्रा यांवर ठरतं. यांपैकी नळी सगळ्यात अवघड. लांब, सरळ, आतून एकसारखं भोक पाडणं आणि त्यात एकसारख्या पिळाचे आटे काढणं हे यंत्रकामातलं कौशल्य आहे आणि ते जाहिरातीने येत नाही.

ठाणे जिल्ह्यातल्या प्रिसिहोलचं उदाहरण घ्या. या मंडळींचं मूळ काम खोल भोकं पाडणाऱ्या यंत्रांचं, एअर रायफली नंतर आल्या. भारताबाहेर हे नाव फारसं कोणाला ठाऊक नाही, पण नळी बनवायला लागणारं ज्ञान घरातच होतं. कंपनीबद्दल विचारायचा खरा प्रश्न हाच: नळी स्वतः बनवता की बाहेरून आणता, आणि बाहेरून आणत असाल तर कोणाची? ज्याला हे नीट सांगता येतं त्याच्याशी पुढे बोलावं.

रायफलीवर ज्याचं नाव, त्यानेच ती बनवलेली असते का?

नेहमी नाही. जर्मनीतली वायराउख ही कंपनी अनेक वर्षं अमेरिकेत बीमनच्या नावाने रायफली विकत होती. तिथली गाजलेली बीमन आर-१ म्हणजे मुळात वायराउखची एचडब्ल्यू-८०. उलट बाजूने पाहा: डायना हे जुनं जर्मन नाव, पण डायनाची स्टॉर्मरायडर चीनच्या स्नोपीकच्या कारखान्यातून येते आणि त्याच कारखान्याचा माल इतर अनेक नावांनीही विकला जातो. म्हणून नाव अनोळखी वाटलं तरी कारखाना जुनाजाणता असू शकतो, आणि नाव ओळखीचं असलं तरी कारखाना दुसराच निघू शकतो. शिक्क्यापेक्षा कारखान्याचा पत्ता विचारा.

परवाना लागतो का?

शस्त्र नियम २०१६ प्रमाणे नळीचं माप ४.५ मिलिमीटरपेक्षा (०.१७७ इंच) जास्त नसेल आणि छऱ्याची ऊर्जा २० ज्यूलपेक्षा जास्त नसेल तर परवाना लागत नाही. दोन्ही अटी पाळल्या गेल्या पाहिजेत. ५.५ मिलिमीटरची, म्हणजे पॉइंट टू-टू एअर रायफल मापामुळेच परवान्यात जाते, ती कितीही मंद असली तरी.

खरेदीच्या वेळी ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा द्यावा लागतो. दुकानदार ते मागत नसेल तर त्या दुकानातून घेऊ नका. पक्कं बिल घ्या, त्यावर रायफलीचा क्रमांक लिहून घ्या आणि त्याची प्रत रायफलीच्या केसमध्येच ठेवा. रस्त्याने नेताना रायफल बंद केसमध्ये, रिकामी आणि न ताणलेली (म्हणजे झाडायला तयार न केलेली) असावी. निवडणुकीच्या किंवा सणाच्या बंदोबस्तात पोलिसांनी थांबवलं तर ही प्रत वेळ वाचवते. लांबून पाहणाऱ्याला छऱ्याची बंदूक आणि खरी रायफल यांतला फरक दिसत नाही, हे कधीही विसरू नका.

दुकानदार म्हणतो वेग १००० फूट प्रति सेकंद. खरं मानू का?

एक छोटं गणित करा. ऊर्जा म्हणजे वस्तुमानाच्या निम्म्याला वेगाच्या वर्गाने गुणायचं. १००० फूट म्हणजे सुमारे ३०५ मीटर प्रति सेकंद. शिशाचा नेहमीचा छर्रा ७.९ ग्रेनचा, म्हणजे ०.५१ ग्रॅमच्या आसपास. या वेगाला त्याची ऊर्जा येते जवळजवळ २४ ज्यूल, म्हणजे परवानामुक्त मर्यादेच्या वर. मग तीनच शक्यता उरतात. आकडा फुगवलेला आहे, किंवा तो मिश्रधातूच्या अगदी हलक्या छऱ्याने मोजलेला आहे (५ ग्रेनच्या छऱ्याला त्याच वेगाला १५ ज्यूलच येतात), किंवा रायफल कायद्याच्या मर्यादेबाहेर आहे.

तिसरी शक्यता असेल तर जबाबदारी तुमची होते, म्हणून ऊर्जा बिलावर किंवा माहितीपत्रकावर लिहून मागा. तसाही जास्त वेग नेमाच्या कामाचा नाही. ऑलिम्पिकच्या १० मीटर स्पर्धेतल्या रायफली साधारण ७.५ ज्यूलच्या असतात. त्यांचा छर्रा सेकंदाला १७० मीटरच्या आसपास जातो, आणि तेवढ्यावर लक्ष्याच्या मधोमध असलेला, दहा गुणांचा अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका लागतो.

दुकानात हातात घेतल्यावर काय तपासू?

नळी मोडून, म्हणजे सांध्यात खाली वाकवून, भरायची रायफल असेल तर आधी सांधा पाहा. नळी बंद करा, दस्ता घट्ट धरा आणि नळीचं टोक डावी-उजवीकडे हलवून बघा. जरा जरी खेळ जाणवला तर ती रायफल बाजूला ठेवा. प्रत्येक वेळी नळी वेगळ्या जागी बसणार असेल तर पुढची सगळी मेहनत वाया जाते.

मग नळीचं तोंड. छर्रा बाहेर पडताना शेवटचा स्पर्श इथेच होतो. कापसाची काडी तोंडाच्या आतल्या कडेवरून हळूच फिरवा. कापूस अडकून तंतू निघाले तर तिथे चरा किंवा धार राहिलेली आहे.

दुकानदाराची परवानगी असेल तर रायफल न ताणता एक छर्रा मागून बसवून लाकडी काडीने हळूहळू पुढे सरकवा. चांगल्या नळीत जोर एकसारखा लागतो, शेवटी तोंडाशी किंचित जास्त लागला तर उत्तम. मध्येच छर्रा सैल पडला तर नळी आतून असमान आहे.

चाप हलका आहे की जड, याची फार काळजी करू नका. तो दर वेळी त्याच जागी, तेवढ्याच जोराने सुटतो का ते पाहा. जड चापाची सवय होते, लहरी चापाची होत नाही. नळी मोडलेल्या अवस्थेत चाप ओढला जाऊ नये अशी अडसर-व्यवस्था आहे का, हे विचारा, पण ओढून बघू नका. मिटणाऱ्या नळीने बोटं तुटू शकतात.

लाकडाची पॉलिश आणि कोरीवकाम शेवटी.

सुटे भाग मिळतील का? कंपनी बंद पडली तर?

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हा, आणि तो पैसे देण्याआधी विचारायचा. स्प्रिंगच्या रायफलीत ताणलेली स्प्रिंग सुटून पिस्टन पुढे ढकलते आणि त्याने दाबलेली हवा छर्रा बाहेर फेकते. तिच्यात झिजणारे भाग मोजकेच असतात: मुख्य स्प्रिंग, पिस्टनचं सील, नळीच्या सांध्याचं सील आणि दस्त्याचे स्क्रू. खरेदीच्याच दिवशी एक जादा स्प्रिंग, पिस्टनची दोन सीलं आणि सांध्याची काही सीलं घेऊन ठेवा. लहान कंपनीला त्या दिवशी ती द्यायला आनंदच होतो. पाच वर्षांनी मॉडेल बदललं की तोच माल शोधत फिरावं लागतं.

दुसरी गोष्ट, मापं लिहून ठेवा. स्प्रिंगची पूर्ण लांबी, तारेची जाडी, बाहेरचा व्यास, वेढ्यांची संख्या. सीलचा व्यास आणि उंची. हे सगळं नवीन भागावरच व्हर्नियरने मोजायचं, कारण झिजलेल्या भागावर मोजलेलं माप कामाचं नसतं. अशी वही हाताशी असेल तर भोसरी, सातपूर किंवा शिरोलीच्या एमआयडीसीतला चांगला लेथवाला तुम्हाला पॉलियुरेथेनचं सील आणि स्प्रिंगचा गाइड (तिला सरळ धरणारा भाग) करून देऊ शकतो. स्प्रिंग बनवणारे वेगळे, तेही त्याच भागात भेटतात. आपल्याकडे ही सोय आहे आणि लोक ती पुरेशी वापरत नाहीत. दूर देशातल्या नामांकित कंपनीचं सील मागवण्यापेक्षा हे पुष्कळदा लवकर होतं.

दोन गोष्टी मात्र लेथवाल्याकडून करून घेऊ नका. चापाच्या आतले अडकणारे भाग योग्य पोलादाचे आणि योग्य कठीणपणाचे लागतात. मऊ लोखंडाचा भाग लवकर झिजतो आणि ताणलेली रायफल नुसत्या धक्क्याने सुटू शकते. आणि मूळ मापापेक्षा जाड तारेची, ‘जोरदार’ स्प्रिंग टाकू नका. त्याने ऊर्जा २० ज्यूलच्या पलीकडे जाऊ शकते, पिस्टन आपटतो आणि नेम बिघडतो.

रायफल स्वतः उघडणार असाल तर स्प्रिंग दाबून धरणारा शिकंजा हवाच. आत बसलेली स्प्रिंग न ताणलेल्या अवस्थेतही दाबाखाली असते. मागची पिन काढली की ती मागचा भाग घेऊन बाहेर उडते.

घरात जुनी आयएचपी बंदूक सापडली. चालू होईल का?

बहुधा होईल. वालचंद हिराचंदांच्या इंडियन ह्यूम पाइप कंपनीच्या या बंदुका. पाइप बनवणारी कंपनी एअर रायफलीही बनवत होती, हे आज अनेकांना नवीन वाटतं. त्या काळच्या भारतीय बंदुकांची ठेवण बऱ्याचदा डायना किंवा बीएसए या ब्रिटिश कंपनीच्या धर्तीची असते, त्यामुळे मापं जुळवून दुसरी स्प्रिंग बसवता येते.

आधी झाडून बघण्याचा मोह आवरा. जुन्या बंदुकांत पिस्टनवर चामड्याचं वॉशर असतं आणि वर्षानुवर्षं पडून ते सुकतं. सुक्या वॉशरने हवा गळते, पिस्टन पुढच्या भिंतीवर लोखंडावर लोखंड आपटतो. बंदूक उघडून वॉशर पाहायचं. ते शाबूत असेल तर योग्य तेलात मुरवून मऊ करायचं, फाटलं असेल तर जाड चामड्याचं नवीन कापून घ्यायचं. नळीत गंज दिसला तर निराश होऊ नका, साफ केल्यावर आटे किती राहिलेत ते बघून ठरवा. बिल नसेल, तर माप आणि ऊर्जा मर्यादेत आहे की नाही हे जाणकार दुकानदाराकडून तपासून घ्या.

नव्या रायफलीतून धूर येतो आणि मोठा आवाज होतो.

कारखान्यात लावलेलं जास्तीचं तेल पिस्टनच्या पुढे गेलेलं असतं. हवा झटक्यात दाबली की तापते आणि ते तेल जळतं. सुरुवातीला थोडा धूर चालेल. मोठा ‘फट्’ आवाज होत राहिला तर थांबा, कारण त्या स्फोटांनी सील जळतं आणि स्प्रिंग तुटू शकते. कापडाने नळी कोरडी करा. हवा जाण्याच्या छिद्रातून तेल कधीही सोडू नका, जुने लोक कितीही सांगोत. धातूवर धातू घासतो तिथे मॉलिब्डेनमची पेस्ट बोटाच्या टोकाइतकी पुरते.

पहिले काहीशे छर्रे होईपर्यंत रायफल बसत जाते. तोवर ग्रुप, म्हणजे कागदावर छऱ्यांची भोकं किती जवळजवळ पडली, ते पाहून तिचा निकाल लावू नका. छर्रा न भरता झाडू नका आणि ताणून तशीच भिंतीला टेकवून ठेवू नका.

छर्रे वाट्टेल तिकडे जातात. परत करू का?

आधी दस्त्याचे स्क्रू तपासा. नवीन रायफलीत ते सैल होतातच, आणि बऱ्याचदा एवढ्यानेच काम होतं.

मग पकड. स्प्रिंगची रायफल छर्रा नळीत असतानाच आधी मागे आणि लगेच पुढे धक्का देते. तिला आवळून धरलं तर दर वेळी धक्का वेगळ्या तऱ्हेने अडतो. पुढचा हात उघडा ठेवून तळव्यावर रायफल फक्त टेकवा, खांद्याला हलकी लावा, गाल हलका ठेवा आणि तिला तिच्या मनासारखं हलू द्या. चाप सुटल्यावरही क्षणभर तसंच राहा. घट्ट पकडीची सवय असलेल्याला हे शिकायला वेळ लागतो, पण यातून होणारा फरक डोळ्यांना दिसतो.

तिसरा छर्रा. प्रत्येक नळीची आवड वेगळी असते. डोक्याचं माप ४.५०, ४.५१, ४.५२ असं येतं आणि शंभराव्या भागाचा हा फरकही कागदावर उमटतो. जेएसबी, एच अँड एन, आरडब्ल्यूएस या कंपन्यांच्या छऱ्यांपैकी जे मिळतील त्यांचा एकेक डबा घेऊन टेकू लावून, त्याच अंतरावरून पाच-पाच छऱ्यांचे ग्रुप काढा. स्वस्त छर्रे वापरायचेच असतील तर मागची कडा चेपलेले वेगळे काढा आणि जमल्यास वजनाने निवडा. एवढं करूनही ग्रुप पसरत असेल तर मग रायफलीवर शंका घ्या, आणि ते सगळे कागद घेऊन कंपनीकडे जा. लहान कंपनीत पुष्कळदा बनवणाराच समोर येतो आणि कागद बघून त्याला बरंच कळतं.

कोणताही स्कोप (नेमासाठीची दुर्बीण) बसेल का?

नाही. स्प्रिंगच्या पुढच्या धक्क्याने साध्या स्कोपची आतली तार किंवा भिंगं सुटतात. एअरगनसाठीचाच घ्या. खरं तर पहिलं वर्ष नळीवरच्या साध्या, बिनभिंगाच्या साइटवर काढा.

स्प्रिंगची घ्यावी की पीसीपी?

पीसीपीत आधीच दाबून भरलेली हवा असते, धक्का जवळजवळ नसतो आणि नेम लवकर बसतो. पण ती एकटी येत नाही. पंप किंवा सिलिंडर, गेज, ओ-रिंगा आणि भरण्याची शिस्त सोबत येते. २०० बारची टाकी म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या दोनशे पट. त्यात साधं तेल किंवा ग्रीस गेलं तर स्फोटाचा धोका असतो. अनोळखी कंपनीची पीसीपी घेताना टाकीवर तपासणीचा दाब आणि तारीख कोरलेली आहे का ते पाहा. कोरलेली नसेल तर घेऊ नका, यात मी कोणालाही सूट देत नाही. गावात भरण्याची सोय नसेल तर स्प्रिंगचीच बरी.

कोकणात, पावसाळ्यात कशी ठेवू?

रेक्झिनच्या किंवा फोमच्या केसमध्ये चार महिने बंद करून ठेवणं सगळ्यात वाईट. फोम ओल धरतो आणि रायफल आतल्या आत गंजते. वापर झाला की घामाचे हात लागलेली जागा पुसा, बाहेरच्या धातूवर पातळ तेलाचा हात फिरवा आणि रायफल हवेशीर, कुलूपबंद कपाटात सिलिका जेलसह ठेवा. जेलच्या पिशव्या मधूनमधून तापवून कोरड्या कराव्या लागतात. लाकडी दस्ता फुगून स्क्रू सैल-घट्ट होतात, तेव्हा गणपतीनंतर रायफलीचा नेम पुन्हा जुळवावा लागेल हे धरून चाला. नळीच्या आत मात्र सरावाआधी तेल राहू देऊ नका.

या रायफलीने स्पर्धा खेळता येईल का?

जिल्हा आणि राज्य पातळीवर ओपन साइट एअर रायफलचा प्रकार असतो, तिथे भारतीय रायफलीने सुरुवात करणारी मुलं दिसतात. नियमपत्रक आयोजकांकडून आधी वाचून घ्या. १० मीटरच्या ऑलिम्पिक प्रकारात दुर्बीण चालत नाही, रायफल ५.५ किलोपर्यंत हवी, आणि वरच्या पातळीवर वॉल्थर, फाइनवेर्कबाउ, अनशुट्झ, स्टायर हीच नावं दिसतात. तिथे एकेका दशांशासाठी झुंज असते. २०२२ मध्ये कैरोत जगज्जेता झालेला ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील किंवा २०२४ मध्ये पॅरिसला ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये कांस्य जिंकलेला राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसळे ज्या पातळीवर खेळतात, तिथे साधनाचा प्रश्न वेगळाच असतो.

त्या रायफली परदेशातून आणायच्या तर ठरावीक पात्रता गाठावी लागते आणि नॅशनल रायफल असोसिएशन ऑफ इंडियाच्या वाटेने जावं लागतं. लोकसभेचे पहिले सभापती ग. वा. मावळणकर यांच्या पुढाकाराने १९५१ मध्ये उभी राहिलेली ही संघटना. त्यांच्या नावाची स्पर्धा आजही अनेक नेमबाजांची राष्ट्रीय स्पर्धेकडे जाण्याची पायरी असते.

मुलीला नेमबाजी शिकायची आहे. आधी रायफल घेऊ का?

आधी क्लब. वरळीला महाराष्ट्र रायफल असोसिएशनची रेंज आहे, बालेवाडीला सोय आहे, आता अनेक जिल्ह्यांत खासगी रेंजही आहेत. काही महिने तिथल्या रायफलीवर उभं राहणं, श्वास, चाप हे शिकू द्या. मग तिची उंची, हाताची लांबी आणि गोडी बघून प्रशिक्षकाच्या सल्ल्याने घ्या. मोठ्यांच्या मापाची जड स्प्रिंग रायफल लहान मुलीला दर वेळी ताणायला लावली तर खांदा दुखतो आणि खेळ नकोसा होतो.

माकडं आणि कबुतरं हाकलायला वापरता येईल ना?

नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ शिकारीला मनाई करतो, आणि वानराला छर्रा मारणं हे ‘नुसतं घाबरवणं’ ठरत नाही. बागायतीचं नुकसान किती होतं ते कोकणातल्या प्रत्येकाला माहीत आहे, त्यांचा राग खोटा नाही. पण छर्रा प्राण्याला सहसा लगेच मारत नाही. तो आत राहतो, जखम सडते आणि प्राणी दिवसेंदिवस तडफडतो. त्यासाठी रायफल घ्यायची असेल तर घेऊ नका.

घरी सराव करता येईल?

बंद जागेत, मागे कोणी येऊच शकत नाही अशा भिंतीसमोर करता येईल. लक्ष्यामागे जाड लोखंडी पत्रा तिरका बसवलेली पेटी ठेवा, म्हणजे छर्रा खाली पडतो. सपाट भिंतीवरून किंवा दगडावरून तो उलट येतो, म्हणून गॉगल सगळ्यांनाच हवा, बघणाऱ्यांनाही. उघड्या गच्चीवरून नको. छर्रा शंभर मीटरच्या पलीकडे सहज जातो आणि डोळा फोडू शकतो. छर्रे शिशाचे असतात. ते तोंडात धरू नका आणि सराव संपल्यावर साबणाने हात धुवा.

विकायची झाली तर किंमत येईल का?

नावाजलेल्या रायफलीइतकी नाही. पण मूळ बिल, मापांची वही, जादा सीलं आणि ग्रुपचे कागद सोबत दिले तर चांगलं गिऱ्हाईक मिळतं. विकताना घेणाऱ्याच्या ओळखपत्राची प्रत घ्या, रायफलीचा क्रमांक आणि तारीख घालून दोघांच्या सहीची पावती करा, आणि एक प्रत स्वतःजवळ जपून ठेवा.